लांबचा गेज

गेजमामांच्या हातात भरलेला ग्लास द्यायचा आणि सांगायचं, "मामा, सहावर आणा." मामा डोळे मिटून ग्लास तोंडाला लावत, एका दमात पीत आणि टक्कन खाली ठेवत. समोर बसलेला माणूस वाकून ग्लासाच्या पाठीवरच्या रेघा बघे आणि मान हलवे. दारू बरोबर सहाव्या रेघेवर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. पाटबंधारे खात्यातल्या आमच्या सेक्शनला आलेला प्रत्येक नवा ओव्हरसियर पहिल्यांदा हसायचा, दुसऱ्यांदा ग्लास उलटसुलट करून बघायचा आणि तिसऱ्यांदा स्वतः हरून मामांना हात जोडायचा.

कोल्हारच्या पुढे चार-पाच मैलांवर मोठ्या पाटाला एक फाटा फुटतो. फाट्याच्या तोंडाशी लोखंडी दार, दाराच्या खालच्या अंगाला काठावरून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांशेजारी उभी केलेली, फूट आणि फुटाचे दहा-दहा भाग रंगवलेली पट्टी. तिला आम्ही गेज म्हणायचो. ती दिवसातून तीनदा वाचायची, पाणी कमी असलं तर पाटकऱ्याला दार उचलायला सांगायचं, जास्त झालं तर उतरवायला सांगायचं, हे मामांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यांना कागदावर एक चांगलं नाव होतं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणी उच्चारत नसे. मी तिथं कारकून म्हणून गेलो तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप होतो. लढाईचे दिवस होते. रॉकेल, साखर, कापड, सगळ्याची टंचाई होती. मोहाच्या दारूची तेवढी नव्हती. ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातून येणाऱ्या माणसांबरोबर तुपाच्या डब्यातून यायची.

कुणाची बदली झाली, कुणाला मुलगा झाला, पाण्याची पाळी नीट पार पडली की रविवारी दुपारी पाटाच्या सरकारी बंगल्यामागच्या चिंचेखाली बैठक बसे आणि खेळ सुरू होई. खेळाचं नावही गेजच. उभ्या कडांचा काचेचा ग्लास घ्यायचा. त्याच्या एका अंगाला चुन्याच्या बोटानं सारख्या अंतरावर दहा रेघा मारायच्या. गोल करून बसायचं. पिणाऱ्यानं रेघांची बाजू समोरच्याकडे करायची, भरलेल्या ग्लासाकडे एकदाच बघायचं, आकडा बोलायचा आणि प्यायला लागायचं. मध्ये ग्लास खाली करायचा नाही. आकडा जमला तर उरलेली दारू उजव्या हाताच्या माणसानं संपवायची. जास्त प्यायला तर सगळे "पाट आटला!" म्हणून ओरडत, ग्लास पुन्हा काठोकाठ भरत आणि तो त्याला रिकामा करावा लागे. कमी प्यायला तर "पाट फुटला!" मग उरलेली त्यानंच प्यायची आणि एक फेरी गप्प बसायचं. समोरच्यानं काय वाचलं त्यावर वाद घालायला बंदी होती. कुणी घातलाच तर मामा म्हणत, "पानी खोटं बोलत न्हाई. वाचनारा बोलतो. पी गुमान."

मला या खेळात घ्यावं की नाही यावर पहिल्याच रविवारी चर्चा झाली. माझे वडील ख्रिस्ती शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरात दारूचं नाव काढलं तरी प्रार्थना लांबायची. मी हात जोडून बाजूला बसलो. ओव्हरसियर चिडवायला लागले. मामांनी त्यांना थांबवलं आणि माझ्यासमोर कोऱ्या चहाचा ग्लास ठेवला. "कारकुना, गेलासात काय हाय ते इचारायचं न्हाई आपन. किती हाय ते इचारायचं." तेव्हापासून मी चहावर खेळलो. सहा ग्लास थंड कोरा चहा पिऊन हरलेल्या माणसाची काय अवस्था होते हे दारूवाल्यांना कधी कळायचं नाही. मला शिकवायलाही मामाच बसले. म्हणाले, "डोळं मिट. डोळा लबाड हाय. ओठाला पानी कुठं लागतंय आन् हाताला वजन किती लागतंय तेवढं बघ." मला वाटे, उस्तादाची लकब आहे.

खेळाचा एक दुसरा प्रकार होता, लांबचा गेज. त्यात ग्लास पंधरा पावलांवर पुलाच्या कठड्यावर ठेवायचा. दारूत थोडं चहाचं पाणी घालून रंग आणायचा, म्हणजे दिसते. एकानं हवी तेवढी ओतायची आणि गोलातल्या माणसानं जागेवरून रेघ सांगायची. चुकला तर ग्लासात असेल तेवढं पिऊन टाकायचं. हा खेळ निघाला की मामांना काहीतरी काम आठवे. बिडी संपलेली असे, म्हैस सुटलेली असे, नाहीतर मामी हाक मारत असत. "लांबचा गेज म्हंजी कारकुनांचा खेळ. लांबनं बघून पगार घ्यायचा," असं म्हणून ते उठत. आम्ही हसत असू. मीही हसत असे आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

कामावर त्यांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे गेज वाचायला ते चपला काढून पायऱ्या उतरत, वरून नवव्या पायरीवर पाण्यात उभे राहत, क्षणभर थांबत आणि मग पट्टीकडे तोंड करून आकडा सांगत. थंडीच्या दिवसांतसुद्धा. "पान्याला पाय लावल्याबिगर वाचू नये," असं त्यांचं म्हणणं. गावातल्या बायका म्हणत, मामा पाण्याला देव मानतात. दुसरी सवय वहीची. मी आकडा लिहिला की ते सही करण्याआधी म्हणत, "वाच." मी वाचून दाखवला की अंगठा आणि बोट यांत टाक धरून, मी जिथं बोट ठेवीन तिथं सही करत. हा माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही, असं वाटून मला पहिलं वर्षभर रागच यायचा. आपलं अक्षर काय वाईट आहे का, असं मी एकदा त्यांना विचारलंही. "अक्षर ब्येस हाय. कारकून कसा हाय ते बघतोय," ते म्हणाले.

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पावसाळ्यानंतर पाट महिनाभर बंद ठेवून डागडुजी झाली. गवंडी आले, झिजलेल्या पायऱ्यांपैकी तीन-चार काढून नवे दगड बसवून गेले. पाणी सोडायच्या दिवशी मी सायकलवर खालच्या वळणापर्यंत गेलो होतो. त्या वळणाला पाटाच्या भरावाला लागूनच ऊसतोड मजुरांच्या पंधरावीस कोपी, पाचटाच्या झोपड्या, होत्या. पाणी पाच फुटांच्या वर न्यायचं नाही हा आमच्या फाट्याचा नियम होता, कारण पाचाच्या वर गेलं की त्या वळणावर भराव झिरपायला लागे. मी पोचलो तेव्हा भरावाच्या पोटातून हाताच्या मनगटाएवढी धार लागली होती. बाया भांडी आणि पोरं उचलून उसात पळत होत्या. सगुणा नावाची एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून कोपीच्या कुडाला बांधलेला पाळणा सोडत होती. पाळण्यात मूल होतं.

मी परत कसा आलो ते मला आठवत नाही. मामा नवव्या पायरीवर उभे होते आणि वर दाराशी उभ्या असलेल्या पाटकऱ्याला ओरडून सांगत होते, "चार-सहाच झालंय. आनखी दोन बोटं उचल!"

मी पट्टी पाहिली. पाणी पाच-एकवर होतं, पाच फुटांच्या एक भाग वर. त्यांच्यापासून हातभर अंतरावर, मोठ्या काळ्या आकड्यात.

"मामा, पाच-एक आहे! दार टाका!" मी ओरडलो. पाटकऱ्यानं चक्र उलटं फिरवलं. मामा तसेच उभे. त्यांनी पट्टीकडे पाहिलं नाही. खाली वाकून पाण्यात हात घातला आणि पायाखालचा दगड चाचपला.

"पायरी बदलली व्हय रं?" त्यांनी विचारलं.

नवा दगड जुन्यापेक्षा अर्धा फूट उंच होता. सव्वीस वर्षांपैकी शेवटची कितीतरी वर्षं हा माणूस नडगीवर पाणी कुठं लागतं त्यावरून गेज वाचत होता. घोट्याला किती, नडगीच्या मध्यावर किती, गुडघ्याखाली किती, सगळं पाठ. आणि एकदाही चुकला नव्हता. गवंड्यांनी दगड बदलला हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण ते डोळ्यांना दिसत होतं. मामा मला नंतर म्हणाले, "पायरी उथळ लागली सकाळीच. म्हनलं आपलंच गुडघं म्हातारं झालं."

मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. होळी होती तीन महिन्यांवर, आणि होळीला ते निवृत्त होणार होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. पाटावरची ती दोन खोल्यांची चौकी हेच त्यांचं आणि मामींचं घर. ही गोष्ट वर कळली असती तर पेन्शन सोडाच, पाट फोडणारा गेजवाला म्हणून त्यांना हाकलून दिलं असतं. मी वहीत त्या वेळचं वाचन चार-नऊ लिहिलं. भराव घुशींच्या बिळांमुळे झिरपला असा शेरा मारला. मामांपुढे वही धरली. ते नेहमीसारखं म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यांनी सही केली. माणसं वाचली होती, एक शेळी आणि बरंच धान्य गेलं होतं. सगुणाचं मूल तापानं आठ दिवस फणफणलं आणि उठलं.

पुढच्या दिवसांत मी कसा जगत होतो ते माझं मला माहीत. सकाळचं आणि संध्याकाळचं वाचन मी काहीतरी निमित्त काढून स्वतः बघून येई. दुपारी जमत नसे. दुपारी कचेरीत बसलेला असताना पाटाकडून कुणी धावत आलं तरी मी उठून दारात जाई. "आता नवी पायरी पायात बसलीया," असं मामा सांगत. आणि ते खरंही होतं, त्यांचे आकडे बरोबर येत होते. पण एखादा दगड निखळला तर? गाळ साठला तर? मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या कोपीत आपली पोरं असती तर तुम्ही काय लिहिलं असतं?" मी तिच्यावर ओरडलो.

याच सुमारास नवे साहेब आले. पुण्याचे, तरुण, आवाज न चढवणारे. मला आवाज चढवणारे साहेब परवडतात. यांनी वही मागवली, सगळी पानं चाळली आणि त्या दिवसाच्या पानावर थांबून म्हणाले, "घुशी फार हुशार दिसतात तुमच्याकडच्या. पाणी सोडल्याच्या दिवशीच बरोबर बीळ पाडतात." मी दौतीचं झाकण लावलं. ते म्हणाले, "तुमचे गेज वाचणारे म्हणे डोळ्यांनी रेघ ओळखतात. एकदा बघायला हवं."

जुन्या ओव्हरसियरांची बदली झाली आणि त्यांच्या निरोपाची बैठक ठरली. साहेबांनी स्वतःहून येतो म्हणून सांगितलं. मला कळून चुकलं. त्या रविवारी सकाळी मी चौकीवर गेलो. मामा म्हशीला धूत होते. मी म्हणालो, "मामा, आज लांबचा गेज निघणार. मी खोकेन. जितक्या वेळा खोकेन तितकी रेघ." त्यांनी म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं. "तुला बरं वाटत नसंल तर घरी ऱ्हा," एवढंच म्हणाले.

भाकरी करायला त्या दिवशी कोपीवरच्या बायका बोलावल्या होत्या. त्यांत सगुणाही होती. बैठक बसण्याआधी ती मूल कडेवर घेऊन मामांसमोर येऊन उभी राहिली. "मामा, आमी आता पुना तितंच कोपी बांधलीया. पानी येनार न्हाई ना पुना?" मामा तिच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "न्हाई येनार." ती गेली. मामांनी बिडी पेटवली आणि ती न ओढताच विझू दिली.

रस्सा झाला, भाकरी झाली, डबा उघडला. साधा गेज दोन फेऱ्या झाला आणि मामांनी दोन्ही वेळा आकडा जमवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या ग्लासात थोडीशी होती, तेवढीच शेवटपर्यंत राहिली. मग ते उठले. "आता लांबचा. मीच ओततो. फक्त मामांसाठी." कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मामींनी त्या दिवशी हाक मारली नाही. म्हैस सकाळीच धुवून बांधलेली होती.

साहेब पुलाकडे गेले, ओतून परत आले आणि ओव्हरसियरांशी बदलीच्या गावाबद्दल बोलायला लागले. ग्लास मला स्वच्छ दिसत होता. मी सहा वेळा खोकलो. मामा म्हणाले, "सहा." एकानं पळत जाऊन पाहिलं. सहा. सगळे ओरडले. साहेब पुन्हा गेले, पुन्हा ओतून आले आणि पुन्हा ओव्हरसियरांशी बोलत राहिले. मी तीन वेळा खोकलो. "तीन," मामा म्हणाले. बरोबर. एकदाच उरलं होतं, कारण साहेबांनी आधीच सांगितलं होतं, तीन डाव.

तिसऱ्या वेळी त्यांनी नऊवर ओतली.

नऊ वेळा खोकणं हे खोकणं राहत नाही. पाचव्याला पाटकऱ्यानं मला पाणी आणून दिलं. सातव्याला ओव्हरसियर म्हणाले, "अहो, ज्येष्ठमध चघळा की." मी पाण्याचा घोट घेतला आणि उरलेले दोन पुरे केले. मामा मांडी घालून बसले होते, पुलाच्या दिशेला तोंड करून. मी मनात म्हणत होतो, बोला मामा, नऊ. नऊ म्हणा आणि होळीपर्यंत सुटा.

मामा हात टेकून उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "रेघ सोडा. मला त्यो गेलासबी दिसत न्हाई. पूल कुटं हाय ते पान्याच्या आवाजावरनं कळतंय. त्या दिवशी पाट चढला त्यो माझ्या वाचनानं. लिवनाऱ्यानं मी सांगितलं ते लिवलं."

भाकरीच्या चुलीजवळ बायका होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. साहेब पुलाकडे गेले, कठड्यावरचा ग्लास घेऊन परत आले आणि मामांपुढे उभे राहिले. "बसा मामा," ते म्हणाले. मामा म्हणाले, "न्हाई. हरलो तर प्यायला पायजे. आना हिकडं." त्यांनी हात पुढं केला. हात ग्लासाच्या वीतभर बाजूला गेला. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी ग्लास हातात दिला आणि मामांनी तो उभ्यानं रिकामा केला.

मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. चार-नऊ मी लिहिलं, घुशी मी लिहिल्या, मामांनी नव्हे. मी बसून राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर माझी दोन पोरं आणि महिन्याचा पगार होता, आणि समोर एक आंधळा माणूस माझ्या वाटचं पीत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "खोकला कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरा आहे." ते म्हणाले, "पहिला सहा, दुसरा तीन, तिसरा नऊ. दुसऱ्या वेळेनंतर मला शंका आली, म्हणून तिसऱ्याला मुद्दाम मोठा आकडा ओतला आणि मोजत बसलो. मामा नऊ म्हणाले असते तर मी दोन नावं वर पाठवणार होतो. आता एकच पाठवतोय." मी "जी" म्हणालो. एवढंच म्हणालो. आठ दिवसांत चौकी रिकामी करायचा हुकूम मीच माझ्या ब्येस अक्षरात लिहिला.

मामींचा भाऊ नेवाशाकडून बैलगाडी घेऊन आला. दोन ट्रंका, एक खाट, कोंबड्यांचं खुराडं, एवढाच सव्वीस वर्षांचा पसारा. म्हैस नव्या ओव्हरसियरांनी घेतली होती. मामी गाडीत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब माझा खोकला मोजत होते. तुम्ही नऊ म्हणाला असतात तर मीही गेलो असतो."

"ठावं हाय. पयल्या दोन बारीला साहेब बोलत हुते. तिसऱ्याला तू खोकायला लागलास आन् त्यांचं बोलनं थांबलं."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी न्हाई," मामा एकदम तडकले. "लई शहाना हायेस. त्या सगुनाला मी न्हाई येनार म्हनलो. कुनाच्या जिवावर म्हनलो मी? मला माझा पाय दिसत न्हाई." मग आवाज उतरला. त्यांनी चाचपून माझा खांदा धरला. "एक काम कर. त्या वहीत तू चार-नऊ लिवलंस. मी चुकलो तर चार-सहाला चुकलो. चार-नऊ मी कदी वाचलंच न्हाई. माझ्या नावावर ते ठिवू नगंस. खरं हुतं ते लिव."

"लिहिलं तर माझी नोकरी जाईल, मामा."

"जाईल न्हाईतर ऱ्हाईल. ते मला कसं सांगता येईल?" ते म्हणाले आणि मेव्हण्याच्या हाताला धरून गाडीत चढले.

मी लगेच लिहिलं असं सांगायला मला आवडलं असतं. मी वही रोज उघडत होतो. ते पान उलटून पुढं जात होतो. आज साहेब रागात आहेत, उद्या बघू. या महिन्यात थोरल्याची फी आहे, पुढच्या महिन्यात बघू. होळी आली आणि गेली. असे दोन महिने गेले. मग एके दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो, चार-नऊवर रेघ मारली, बाजूला लिहिलं, "वाचन चार-सहा सांगितले. प्रत्यक्ष पाच-एक. चार-नऊ ही नोंद माझी." घुशींचा शेरा खोडला, खाली माझी सही केली आणि वही साहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे आज का?"

"मामांनी सांगितलं होतं."

"ते तर कधीच गेले. हे न खोडता तुमचं निभावलं असतं."

"हो साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझी पगारवाढ थांबवली आणि मला भंडारदऱ्याला पाठवलं. नोकरी गेली नाही. ती जाऊ नये म्हणून त्यांनी वर काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. निघण्याआधी मी मामांना कार्ड टाकलं. त्यांना ते कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दांत लिहिलं: वहीत खरं लिहिलं, चार-नऊ काढलं, तुमच्या नावावर आता तुमचंच वाचन आहे.

उत्तर मामींच्या भावाचं आलं, महिन्यानं, भंडारदऱ्याच्या पत्त्यावर. मामा न्युमोनियानं गेले होते. माझं कार्ड पोचलं त्याच्या आठ दिवस आधी. शेवटच्या आजारात त्यांनी दोनदा विचारलं होतं, कारकुनाचं काही आलं का.

भंडारदऱ्याची तीन वर्षं, थांबलेली वाढ, पुढं माझ्यामागून आलेले लोक माझ्यावर साहेब झाले, यातल्या कशाचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दोन महिन्यांचं वाटतं. रोज वाटतं.